दूरचे सभासद, बेटावरची वस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेटवरून जमलेल्या दूरदेशीच्या सभासदांनी मिळून एखाद्या बेटावर वस्ती कशी चालवावी, याबद्दलची ही प्रश्नोत्तरं. बहुतेक उत्तरं फिजीतल्या छोट्या बेटांना धरून आहेत, कारण हा प्रयोग तिथे प्रत्यक्ष झाला आहे. आकडे उदाहरणादाखल एकाच वस्तीचे घेतले आहेत: २० पाहुणे सभासद आणि ५ कायम राहणारे स्थानिक सहकारी. तुमची माणसं वेगळी असतील तर त्या प्रमाणात हिशेब बदलून घ्या.

ही कल्पना नेमकी काय आहे?

वेगवेगळ्या देशांतले लोक इंटरनेटवरून सभासद होतात आणि वर्गणी भरतात. त्या पैशातून एखाद्या बेटावर भाडेपट्ट्याने जागा घेतली जाते, साधी घरं, पाणी, वीज, शेती यांची सोय होते, आणि सभासद पाळीपाळीने येऊन तिथे राहतात आणि काम करतात. घरी परतल्यावरही ते निर्णयांत सहभागी असतात.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे २००६ मध्ये ब्रिटनमधून बेन कीन आणि त्याच्या भागीदाराने सुरू केलेलं ‘ट्राइबवाँटेड’. फिजीच्या वानुआ लेवू या मोठ्या बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ, लम्बासा गावापासून बोटीच्या अंतरावर, व्होरोव्होरो नावाचं सुमारे २०० एकरांचं बेट आहे. माली भागाचे प्रमुख तुई माली यांच्याकडून ते भाडेपट्ट्याने घेतलं गेलं. सभासदांची मर्यादा ५,००० ठेवली होती आणि एका वेळी बेटावर जास्तीत जास्त १०० जण राहतील असं ठरलं होतं. इंटरनेटवर मतदान करून सभासद महिन्यापुरता आपला एक प्रमुखही निवडत. १ सप्टेंबर २००६ ला पहिले सभासद बेटावर उतरले आणि ५ डिसेंबरला फिजीत लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. परदेशी सरकारांनी प्रवासाबाबत इशारे दिले की पर्यटक थांबतात आणि असल्या वस्तीचं उत्पन्नही थांबतं. त्यामुळे एकही पाहुणा न येता सहा महिने पगार आणि भाडं भरता येईल एवढी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला हवी.

किती सभासद घ्यावेत?

इंटरनेटवर किती लोक उत्सुक आहेत यावरून हा आकडा ठरवू नका. तो बेटावरच्या खाटांवरून आणि पाण्यावरून निघतो.

फिजीत नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. एप्रिलचे शेवटचे पंधरा दिवस सोडले तर त्या काळात पाहुणे न ठेवणंच शहाणपणाचं. मग १५ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर असे २०० दिवस उरतात. २० खाटा गुणिले २०० म्हणजे ४,००० मुक्कामी रात्री. आजारपण, उशिरा सुटलेली विमानं, दुरुस्ती यांसाठी १५ टक्के सोडा: ३,४०० उरल्या. प्रत्येकाला वर्षाला सात रात्रींचं वचन दिलं असेल तर ४८५ सभासद झाले, आणि तिथेच नोंदणी थांबवायची.

‘सगळे कुठे येणार आहेत’ हा विचार घातक आहे. युरोपातल्या शाळांना सुट्टी असते म्हणून जुलै-ऑगस्टवर सगळ्यांचा डोळा असतो, मे महिना रिकामा जातो आणि चिडलेले सभासद पैसे परत मागतात. यावर उपाय एकच: नोंदणी करतानाच महिना निवडायला लावा आणि भरलेला महिना बंद करा.

वर्गणीचे पैसे कसे वापरायचे?

सभासदाने पैसे भरले पण तो अजून राहून गेला नाही, तोवर ते पैसे तुमच्यावरचं कर्ज आहे. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि मुक्काम पूर्ण झाला की मगच खर्चाच्या खात्यात वळवा. पहिल्या वर्षीच्या वर्गणीतून बांधकाम उरकायचं आणि त्या लोकांचे मुक्काम दुसऱ्या वर्षीच्या वर्गणीतून चालवायचे, या वाटेने गेलेली योजना नवे सभासद आटले की लगेच कोसळते. बांधकामासाठी भांडवल वेगळं उभं करा. ते देणगी म्हणून घेत असाल तर पावतीवर ‘देणगी’ असंच लिहा.

भारतातल्या लोकांकडून पैसे गोळा करून परतावा किंवा नफ्यातला वाटा कबूल केलात, तर ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते. तिला सेबीची नोंदणी लागते. सभासदत्वाच्या बदल्यात मुक्काम आणि मत, एवढंच द्या.

बेट विकत का घेऊ नये?

फिजीतली सुमारे ८७ टक्के जमीन ईतौकेई म्हणजे मूळ फिजीवासी कुळांच्या सामाईक मालकीची आहे. ती विकता येत नाही, फक्त भाडेपट्ट्याने देता येते. करार ईतौकेई लँड ट्रस्ट बोर्डामार्फत होतो आणि त्या जमिनीच्या मतंगालीतल्या, म्हणजे मालक कुळातल्या, बहुसंख्य प्रौढांची संमती लागते. नुसता प्रमुखाचा शब्द घेऊन कामाला लागलेल्यांना पुढे कुळातलीच माणसं अडवतात, आणि त्यांचा तो हक्कच आहे.

करारात ही कलमं असल्याशिवाय सही करू नका: भाडं कधी आणि कसं वाढेल, गोड्या पाण्याच्या झऱ्यावर कुणाचा किती हक्क, किनाऱ्यावर बोट लावण्याची जागा, स्थानिकांना किती कायम नोकऱ्या, मुदत संपल्यावर बांधकाम कुणाचं. जमिनीबरोबर समुद्र मिळत नाही हेही ध्यानात ठेवा. गोलीगोली म्हणजे परंपरेने राखलेली मासेमारीची हद्द वेगळी असते आणि तिच्यासाठी वेगळी बोलणी करावी लागतात.

गावात पहिल्यांदा जाताना काय न्यायचं?

यंगोना म्हणजे कावा या झाडाची सुकी मुळं (त्यांचं पेय करतात), अर्धा ते एक किलो, बाजारात मिळते तशी जुडी बांधून. ती प्रमुखापुढे ठेवून येण्याची परवानगी मागण्याला सेवुसेवु म्हणतात. मुळं तुम्ही स्वतः पुढे करू नका. तुमच्या वतीने बोलणारा स्थानिक माणूस बरोबर हवा. टोपी आणि काळा चष्मा काढायचा, खांदे-गुडघे झाकायचे, मांडी घालून बसायचं. कावाच्या पेयाची वाटी हातात घेण्याआधी एकदा टाळी, ‘बुला’ म्हणून एका दमात प्यायची, मग तीनदा टाळ्या.

दर आठवड्याला नवे सभासद येणार असतील तर दर आठवड्याला सेवुसेवु करायचा. ‘एकदा झालं की’ म्हणून तो गाळला, तर गावाचा सूर बदललेला महिन्याभरात जाणवतो.

दूर बसलेल्या सभासदांनी कशावर मत द्यायचं?

आमच्या मते या सगळ्या खटाटोपाचं यश याच उत्तरावर ठरतं. पैशाचं अंदाजपत्रक, मुक्कामाचं वेळापत्रक, वर्गणीचा दर, नव्या सभासदांची संख्या यांवर सभासदांनी जरूर मत द्यावं. पाणी किती वापरायचं, झाड तोडायचं का, मासे कुठे धरायचे, बोट आज सोडायची का, हे मात्र बेटावर, कुळाच्या माणसांसोबत बसूनच ठरावं. लंडन किंवा ठाण्यातल्या माणसाला टाकी किती भरली आहे ते दिसत नाही. त्याचं मत प्रामाणिक असलं तरी आंधळं असतं.

स्कॉटलंडचं एग बेट यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. १९९७ मध्ये सुमारे १५ लाख पौंडांना ते बेट रहिवाशांच्या हाती आलं. त्यातली मोठी रक्कम एका अनामिक दात्याची होती, आणि बाकीच्यात हजारो लहान देणगीदारांचा हात होता. पण बेट ज्या ट्रस्टच्या नावावर झालं, त्यात रहिवासी संघटना, हायलंड कौन्सिल आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट हे तिघेच आहेत. पैसे दूरच्यांनी दिले आणि कारभार बेटावरच्यांकडे राहिला. ती व्यवस्था आजही चालू आहे.

मतदान करायचं तर ते सात दिवस खुलं ठेवा. फिजीची वेळ भारताच्या साडेसहा तास पुढे आहे आणि ब्रिटनच्या अकरा-बारा तास, त्यामुळे सगळ्यांना सोयीची अशी एक वेळ सापडतच नाही. किमान किती मतं पडली तर ठराव ग्राह्य, तेही आधी लिहून ठेवा.

पाण्याचं गणित कसं करायचं?

एका चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. त्यातला सुमारे ८० टक्के टाकीत पोचतो.

वानुआ लेवूची उत्तर बाजू डोंगरांच्या आडोशाला येते, सह्याद्रीच्या पूर्वेकडचा देश येतो तशी, म्हणून मे ते ऑक्टोबर ती बरीच कोरडी असते. म्हणजे पाहुणे असतात नेमके तेव्हाच पाऊस नसतो. २५ माणसं, प्रत्येकी दिवसाला ३० लिटर, १८० दिवस: १,३५,००० लिटर. १०० चौरस मीटर पत्र्याचं छप्पर आणि कोरड्या महिन्यांत सरासरी ६० मिलिमीटर पाऊस धरला, तर सहा महिन्यांत जेमतेम २८,८०० लिटर मिळतात. उरलेले १,०६,२०० लिटर आधीच साठवलेले हवेत, म्हणजे ५,००० लिटरच्या २२ टाक्या. तेवढ्या बोटीने आणणं आणि त्यांच्याखाली सपाट ओटे बांधणं हे सोपं काम नाही.

गोडं पाणी माणशी २० लिटरवर आणलं तर साठा ६१,२०० लिटरवर येतो आणि १३ टाक्या पुरतात. त्यासाठी आंघोळ समुद्रात करून शेवटची अर्धी बादली गोड्या पाण्याची घ्यायची, आणि भांड्यांची पहिली धुवण खाऱ्या पाण्यात. हे जमणार नसेल तर खाटा कमी करा. ६० मिलिमीटर हा आकडा मात्र हिशेबापुरता आहे; त्या जागी जवळच्या हवामान केंद्राची दहा वर्षांची नोंद घाला, आणि त्यातलं सर्वांत कोरडं वर्ष धरा.

बुरे म्हणजे गवताने शाकारलेली पारंपरिक फिजी झोपडी. तिचं छप्पर पाण्यासाठी कामाचं नाही: पाणी पिवळं येतं, काडीकचरा आणि किडे येतात. राहायला बुरे बांधा, पण स्वयंपाकघर आणि अवजारांची शेड पत्र्याची ठेवा आणि पन्हळी तिथेच लावा. पहिल्या पावसाचं पाणी दर चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर सोडून द्यायचं. १०० चौरस मीटरला ५० ते १०० लिटर. त्यासाठी पन्हळीच्या खाली उभा पाइप, तळाला बारीक गळती ठेवलेलं झाकण. ते झाकण पानांनी तुंबतं, मग पुढच्या पावसाची घाण सरळ टाकीत जाते, म्हणून दर पावसानंतर ते उघडून धुवा. टाकीच्या प्रत्येक तोंडाला एक मिलिमीटरची जाळी लावा. फिजीत मलेरिया नाही, पण डेंगी आहे, आणि त्याचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो.

पिण्याच्या पाण्यासाठी १,००० लिटरला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ४० मिलिलिटर, ढवळून अर्धा तास थांबायचं. बाटली उन्हात ठेवली की औषधाचा जोर जातो, आणि मग मोजून घालूनही पाणी शुद्ध होत नाही.

विहीर खणली तर?

लहान बेटावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा करून पातळी थोडी खाली गेली तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. मोठा पंप लावू नका. बादलीने किंवा हातपंपाने थोडं थोडं, दिवसभर विभागून काढा आणि दर आठवड्याला क्षारमापकाने तपासा. चव बदलल्यावर जागे झालात तर विहीर सुधारायला एखादा पावसाळाही पुरत नाही.

संडास कसे बांधायचे?

पाणी न लागणारे, दोन कप्प्यांचे. मैल्याचं सोनखत करण्याची ही रीत मराठी वाचकांना नवी नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं.

एक माणूस वर्षभर तिथे राहिला तर वरून टाकायच्या भुशासकट अंदाजे १०० लिटर जागा लागते. २५ माणसं २०० दिवस म्हणजे सुमारे १,४०० लिटर. म्हणून दोन संडास, प्रत्येकाला एकेक घनमीटरचे दोन कप्पे. एक कप्पा वापरात, दुसरा पूर्ण वर्षभर बंद. उष्ण हवेतही वर्षाच्या आत तो उघडू नका. जंताची अंडी चिवट असतात. प्रत्येक वापरानंतर दोन वाट्या कोरडं आच्छादन टाकायचं: लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या, चुरलेली वाळकी पानं, थोडी राख. वास येत असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण ओल असतं. लघवी वेगळी काढणारं भांडं लावा आणि ती पाच पट पाण्यात मिसळून केळींना द्या.

पाण्याने धुणाऱ्यांसाठी शेजारी वेगळी जागा हवी आणि तिचं पाणी केळीच्या आळ्यात सोडायला हवं. हे आराखड्यातच नसलं की सवयीने पाणी कप्प्यात जातं आणि सगळं सडतं. विहिरीपासून किमान ३० मीटर अंतर ठेवा. ११० मिलिमीटरचा हवेचा पाइप छपराच्या वर न्या आणि त्याच्या तोंडाला माशांसाठी जाळी लावा.

विजेसाठी किती पॅनल लागतील?

दिवसाचा वापर वॅट-तासांत लिहून काढा. दहा दिवे, ७ वॅटचे, पाच तास: ३५०. पंचवीस फोन: ३७५. एक फ्रिज: १,२००. पाण्याचा पंप, ५०० वॅट, एक तास: ५००. उपग्रह इंटरनेटची डिश ६० वॅटची, चोवीस तास चालू ठेवली तर १,४४०. एकूण ३,८६५. म्हणजे सभासदांशी बोलण्याचं यंत्रच सगळ्यांत जास्त वीज खातं. ती डिश दिवसाला चार तास चालवा, एकूण २,६६५ वर येतं.

डिश चोवीस तास धरलेल्या ३,८६५ च्या आकड्याला साडेचार तास पूर्ण ऊन आणि ३० टक्के तूट धरली तर सव्वा किलोवॅट निघतात. ढगाळ दिवसांसाठी २ किलोवॅट घ्या, म्हणजे ४०० वॅटची पाच पॅनल. दोन दिवस ऊन नसेल तर पुरेल अशी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी १० किलोवॅट-तासांची. डिश चारच तास असेल तर ७ ची चालते.

खारा वारा बहुतेक यंत्रणा दोन वर्षांत खाऊन टाकतो. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे, तारा कथील चढवलेल्या, ॲल्युमिनियमची चौकट आणि लोखंड यांच्यामध्ये रबर. इन्व्हर्टर बंद पेटीत ठेवाल तर तो तापून बंद पडतो. सावलीत, किनाऱ्यापासून मागे, जाळी लावलेल्या खोलीत ठेवा.

एगवर २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांची मिळून वीज आहे, आणि प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅटची मर्यादा आहे, धंद्याला १०. मर्यादा सगळ्यांना सारखी आणि आधीच जाहीर, म्हणून भांडण होत नाही. तुमच्या वस्तीत हेअर ड्रायर आणि इस्त्री यांबद्दलचा नियम सभासद घरून निघण्याआधीच त्याला कळवा.

वस्तीचं अन्न तिथेच पिकेल का?

पहिल्या वर्षी नाही. शाबुकंदाला ८ ते १२ महिने लागतात, दालोला म्हणजे अळूच्या मोठ्या कंदाला ७ ते १०. शाबुकंदाच्या २०-२५ सेंटिमीटरच्या कांड्या मीटर-मीटर अंतरावर लावा, आणि सगळ्या एकदम न लावता दर महिन्याला एक वाफा, नाहीतर सगळं एकदम तयार होऊन कुजतं. केळी, पपई, फणसासारखं ब्रेडफ्रूट, मिरची, भेंडी यांची जोड द्या. डुकरं मोकळी फिरत असतील तर आधी कुंपण, मग लागवड.

तांदूळ, डाळ, पीठ, तेल लम्बासाच्या बाजारातून येत राहणारच. १८९४ पासून साखर कारखाना असलेलं ते गाव. गिरमिटवर म्हणजे मजुरीच्या करारावर भारतातून आलेल्या उसमजुरांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे हिंदी बोलणाऱ्या मराठी माणसाला तिथे भाजी घ्यायला अडचण पडत नाही. भाजी गावातल्या बायकांकडूनच घ्या. वर्गणीचा पैसा शेजारच्या घरांत पोचण्याची ही सर्वांत सरळ वाट आहे.

सभासदांनी मासे धरले तर चालतं का?

कुळाने सांगितलं तिथेच, सांगितलं तेवढेच, आणि शक्यतो त्यांच्या माणसासोबत. उत्तरेकडची थाकाउलेवू ही प्रवाळभिंत २०० किलोमीटरहून लांब आहे, पण वस्तीसमोरचा तुकडा लहानच असतो. फिजीत काही भाग ‘तांबू’ म्हणून बंद ठेवतात. १९९७ मध्ये उथुनिव्हानुआ गावाने २४ हेक्टर किनारा असा बंद केला आणि शिंपल्या पुन्हा भरभरून वाढल्या. तिथून ही पद्धत देशभर पसरली. मोठे प्रवाळमासे (बाराकुडा, मोठा ग्रुपर) टाळा. अशा माशांत साठणारं सिगुआटेराचं विष शिजवून जात नाही.

चक्रीवादळ येणार असेल तर?

२० फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टनने फिजीत ४४ जीव घेतले. डिसेंबर २०२० च्या यासाने वानुआ लेवूलाच झोडपलं. म्हणून क्रम पाठ हवा. इशारा मिळाल्यावर पहिल्या दिवशी माणसं मोठ्या बेटावर, पक्क्या निवाऱ्यात. मग पॅनल उतरवून आडवी, एकावर एक, दोरीने बांधून. मग टाक्या. त्या भरलेल्याच असू द्या: ५,००० लिटरची भरलेली टाकी पाच टनांची असते, रिकामी उडून जाते. पन्हळीचा पाइप मात्र सोडवून ठेवा, म्हणजे खारे तुषार आत जाणार नाहीत. शेवटी बोट, खारफुटीच्या आतल्या खाडीत.

आजारी पडलं तर?

लम्बासाला सरकारी रुग्णालय आहे. परतीच्या फेरीला पुरेल एवढं इंधन कुलूपबंद, दुसरं छोटं इंजिन, व्हीएचएफ रेडिओ आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट. प्रवाळाने कापलं तर जखम लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा; दुर्लक्ष केलं की ती हमखास चिघळते.

भारतातून जाणं योग्य आहे का?

मुंबई ते नांदी (फिजीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ) हे अंतर सरळ रेषेतही सुमारे १२,००० किलोमीटर आहे. सात दिवसांसाठी तेवढं उडणं टिकाऊपणाच्या नावाखाली करू नये. जायचं तर तीन-चार वर्षांचे हक्काचे दिवस एकत्र करून महिनाभर जा. वस्तीच्या नियमांत तशी सोय ठेवा. महिनाभर राहिलेला माणूस लावलेला वाफा निंदूनही जातो.

हेच कोकणात, लक्षद्वीपमध्ये किंवा अंदमानात करता येईल?

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही आणि किनाऱ्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, निर्बंध आहेत. लक्षद्वीपला जायलाच परवाना लागतो. अंदमान-निकोबारमधली आदिवासींसाठी राखीव बेटं कायद्याने बाहेरच्यांना बंद आहेत आणि बंदच राहिली पाहिजेत. कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या गावाने स्वतः पुढाकार घेऊन आपल्या मुंबईकरांना सभासद केलं, तर मात्र जमिनीचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो.

भाडेपट्टा संपल्यावर काय होतं?

संपण्याच्या दोन वर्षं आधी नवे सभासद घेणं थांबवा, म्हणजे कुणाचे मुक्काम बुडणार नाहीत. शेवटच्या वर्षी कुळातल्या निदान दोन तरुणांनी बॅटरी, पंप आणि टाक्यांची देखभाल एकट्याने करून पाहिलेली हवी. हस्तांतरात द्यायच्या गोष्टी: विजेच्या जोडणीचा हाताने काढलेला नकाशा, कोणता कप्पा कधी बंद केला त्या तारखा, विहिरीच्या क्षारांची वही, पंपाचे वॉशर आणि दोन जादा फ्यूज, भाडं भरल्याच्या पावत्या. निकामी बॅटऱ्या आणि फुटके पत्रे तुमचे तुम्ही बोटीत घालून परत न्यायचे. त्याचा खर्च पहिल्या वर्षीच बाजूला ठेवलेला असावा.